सेन्सर गेलाय म्हणतात, पण खरंच गेलाय का? घरच्या घरी तपासायची रीत

गेल्या पावसाळ्यात मुलुंडहून घरी येताना ऐरोलीच्या पुलावर माझ्या गाडीच्या मीटरमध्ये ती पिवळी इंजिनची लाईट लागली. गाडी चालत होती, आवाज नाही, धूर नाही, फक्त सिग्नलला उभी असली की जरा थरथरायची. दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली, त्यांनी स्कॅनर लावला आणि पाच मिनिटांत सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागेल. बदलला. साडेसहा हजार गेले, लाईट गेली, आणि पाचव्या दिवशी ठाणे-बेलापूर रोडला रबाळ्याच्या पुढे तीच लाईट परत हजर. मग मी स्वतः बॉनेट उघडून दोन रविवार घातले तेव्हा कळलं की जुना सेन्सरही चांगला होता आणि नवाही चांगलाच आहे, इंजिनच्या वरच्या झाकणापासून इनटेकला, म्हणजे इंजिनमध्ये हवा जाते त्या वाटेला, जाणारा बोटाएवढा रबरी पाईप खालच्या बाजूने चिरला होता आणि तिथून इंजिन जास्तीची हवा ओढत होतं. पाईप अडीचशे रुपयांत आला.

त्या मेस्त्रीवर माझा राग नाही, स्कॅनरवर जे दिसलं त्यावरून त्याने अंदाज बांधला. पण त्यानंतर सोसायटीतल्या सात-आठ गाड्या बघितल्या आणि बहुतेक वेळा तेच दिसलं, सेन्सर बिचारा खरं सांगत असतो, इंजिनमध्ये हवा जास्त येतेय, वायर तुटलीय, बॅटरी मरायला टेकलीय, आणि आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देतो. म्हणून मी आता एक रीत धरलीय, आणि खाली जे सांगतोय ते सगळं त्या एका रीतीवरच उभं आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर मला आधीच माहीत आहे तो प्रश्न सेन्सरला विचारायचा. रात्रभर उभ्या गाडीचं तापमान किती असणार, मला माहीत आहे. बंद इंजिनमधून हवा किती जाणार, शून्य. खाडीच्या कडेला हवेचा दाब किती, साधारण १०० किलोपास्कल. सेन्सरने हीच उत्तरं दिली तर तो शहाणा आहे, दुसरीकडे बघा.

आधी हे सेन्सर बोलतात कसे ते थोडक्यात. इंजिनच्या कॉम्प्युटरला आपले मेकॅनिक ईसीएम म्हणतात, त्याला गरम-थंड काही कळत नाही, त्याला फक्त व्होल्टेज कळतं. बऱ्याच सेन्सरना तो स्वतःकडून ५ व्होल्ट देतो आणि परत किती आले ते बघतो. परत येणारा आकडा साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टच्या मध्ये असला तर ठीक, अगदी शून्य आला किंवा पूर्ण पाच आला तर त्याला कळतं की वायर तरी तुटलीय, कुठे तरी टेकलीय, नाहीतर सेन्सर मेलाय. यातलं नेमकं काय ते त्याला कळत नाही आणि स्कॅनरलाही कळत नाही, हे लक्षात ठेवा, कारण सगळा पैसा इथेच वाया जातो.

सामान फार लागत नाही. एक ओबीडी अडॅप्टर, म्हणजे ईसीएममधली माहिती फोनवर दाखवणारा डबा, एक साधा डिजिटल मल्टीमीटर, फोनवर एखादं ओबीडीचं अ‍ॅप. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून लागू झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली गुडघ्याच्या आसपास १६ पिनांचं सॉकेट मिळणारच, आठ-आठच्या दोन ओळी असतात. बाजारात जे ईएलएम ३२७ नावाने अडॅप्टर मिळतात ते बहुतेक मूळ कॅनेडियन चिपच्या कॉप्या आहेत, कोड वाचायला आणि लाईव्ह आकडे बघायला चालतात, पण फारच स्वस्तातला घेतला तर मध्येच कनेक्शन सोडतो. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा बघून घ्या. आणि काम झालं की काढून ठेवा, त्या सॉकेटमध्ये एका पिनला बॅटरीचा करंट कायम असतो, गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते. मल्टीमीटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल, लॅमिंग्टन रोडला जाणं झालं तर तिथून आणा, पण कंटिन्युइटीला, म्हणजे वायर सलग आहे का ते तपासताना, बझर वाजणारा घ्या, बॉनेटमध्ये वाकलेलं असताना स्क्रीन बघता येत नाही.

लाईट लागली की पहिला प्रश्न, स्थिर आहे की लुकलुकतेय? लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतोय, रेस सोडा, बाजूला घ्या, तशीच घोडबंदरला रेटत नेऊ नका. स्थिर असेल आणि टेंपरेचर, ऑईल दोन्ही नॉर्मल असतील तर सावकाश घरी नेता येते.

घरी आल्यावर अडॅप्टर लावा, कोड म्हणजे ईसीएमने नोंदलेला दोषाचा नंबर वाचा, आणि कोड उडवायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढा. लोक घाईने आधी कोड डिलीट करतात, लाईट जाते, बरं वाटतं, पण त्याबरोबर फ्रीझ फ्रेम पण जाते. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणी गाडीचा आरपीएम किती, स्पीड किती, कुलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी किती गरम, लोड किती याची नोंद. माझ्या केसमध्ये त्यात स्पीड ०, आरपीएम ७५०, कुलंट ९२ डिग्री होतं, म्हणजे गाडी गरम होती आणि उभी होती, आणि उभ्या गाडीतच त्रास होत होता. हे आधी बघितलं असतं तर साडेसहा हजार वाचले असते.

कोडचं नाव नीट वाचायला शिका. समजा पी ०११८ आला, त्याचा अर्थ कुलंट टेंपरेचर सर्किट हाय. हे वाचून लोक घाबरतात की इंजिन तापलंय. ते हाय तापमानाचं नाहीये, व्होल्टेजचं आहे, आणि या सेन्सरमध्ये व्होल्टेज जास्त म्हणजे तापमान कमी किंवा वायर तुटलेली, म्हणजे उलटंच. सर्किट हाय, सर्किट लो असे शब्द असले तर आधी वायर आणि कपलर, म्हणजे वायर सेन्सरला जोडणारा प्लग, बघायचं. रेंज किंवा परफॉर्मन्स असा शब्द असला तर आकडा येतोय पण ईसीएमला तो पटत नाहीये. आणि तिसरा प्रकार माझ्यासारखा, पी ०१७१, सिस्टीम टू लीन, म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. यात सेन्सरचं नावसुद्धा नाहीये, तरी माझ्याकडे सेन्सर बदलला गेला.

आता तपासणी. सगळ्यात सोपी आणि मला सगळ्यात आवडणारी टेस्ट सकाळची आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी दार उघडून बसा, इग्निशन ऑन करा पण सेल्फ मारू नका. अ‍ॅपमध्ये दोन आकडे बघा, कुलंटचं तापमान आणि इनटेक एअरचं तापमान. आठ-नऊ तास उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे पाहिजेत, आणि बाहेरच्या हवेच्या आसपास पाहिजेत. आपल्याकडे पावसाळ्यात सकाळी २६-२७ असतं, तर दोन्हीकडे २६ ते ३० काहीही चालेल. दोन-चार डिग्रीचा फरक मोजायचा नाही. पण एक २७ आणि दुसरा ५१ दाखवत असेल तर खोटं कोण बोलतंय हे बाहेरची हवाच सांगते, वेगळी मशीन लागत नाही.

एखादा आकडा उणे ४० दाखवत असेल तर वायर किंवा सेन्सर कुठे तरी तुटलाय असं समजा. हे असं का होतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. हा सेन्सर म्हणजे एक छोटा मणी असतो, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, थंड झाला की वाढतो. बहुतेक गाड्यांत २० डिग्रीला दोन-अडीच हजार ओहम आणि ८० डिग्रीला तीनशेच्या आसपास. वायर तुटली तर रेझिस्टन्स अनंत झाला, ईसीएम समजतो की प्रचंड थंडी आहे. मग तो काय करतो, थंड इंजिनला लागतं तसं भरपूर पेट्रोल ओततो, म्हणून अ‍ॅव्हरेज पडतो, मागून काळा धूर येतो, प्लग काळे होतात आणि गरम गाडी सेल्फ घ्यायला त्रास देते. लोक मग इंजेक्टर साफ करत बसतात. बऱ्याच गाड्यांमध्ये अशावेळी रेडिएटरचा फॅन सकाळपासूनच सुरू होतो, तो ईसीएमने सावधगिरीसाठी लावलेला असतो, त्याने घाबरू नका.

आता सेन्सर की वायर हे ठरवायचं. इंजिन थंड, इग्निशन बंद, सेन्सरचा कपलर काढा. इग्निशन ऑन करा, आकडा उणे ४० झाला पाहिजे. मग इग्निशन बंद करून वायरकडच्या कपलरच्या दोन पिनांमध्ये बारीक तार लावून त्या एकमेकांना जोडा आणि परत ऑन करा, आकडा एकदम वर, १३०-१४० च्या दिशेने गेला पाहिजे. दोन्ही झालं तर ईसीएम आणि वायर दोन्ही ठणठणीत, दोष सेन्सरचा. तार लावूनही उणे ४० राहिलं तर सेन्सर बदलून काही होणार नाही, वायर शोधा. पण ही तार जोडायची टेस्ट फक्त दोन वायरच्या टेंपरेचर सेन्सरवर, तीन वायरवाल्या कुठल्याही सेन्सरवर करू नका, तिथे ५ व्होल्टची लाईन ग्राउंडला टेकली तर दुसरे सेन्सर पण बंद पडतात.

दुसरा प्रश्न दाबाचा. ज्या गाडीत एमएपी सेन्सर आहे, म्हणजे इनटेकमधला दाब मोजणारा, तिथे इंजिन बंद असताना आत आणि बाहेर दाब एकच असतो. आपण समुद्रसपाटीला राहतो, ठाणे काय नवी मुंबई काय, त्यामुळे इग्निशन ऑन, इंजिन बंद असताना आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास यायला हवा, पावसाळ्यात किंचित कमी, थंडीत १०१. इंजिन चालू केलं की पिस्टन हवा ओढतात, दाब पडतो, एसी बंद आणि गाडी गरम असेल तर ३० ते ४० वर येतो, रेस दिली की क्षणभर वर उसळतो. चालू गाडीतही आकडा हलत नसेल तर सेन्सरकडे जाणारी छोटी नळी चोंदलीय का ती बघा, काही गाड्यांत ती तेलकट काजळीने भरते. आणि जर कधी लोणावळ्याला जाणं झालं तर तिथे हीच टेस्ट करा, साधारण सव्वासहाशे मीटर उंचीवर आकडा ९४ च्या आसपास आला पाहिजे. घरी १०० आणि वर ९४ दाखवणारा सेन्सर कुणी खराब म्हणालं तरी बदलू नका.

एमएएफ म्हणजे एअर फिल्टरच्या लगेच पुढे बसलेला, हवा ग्रॅममध्ये मोजणारा सेन्सर. याला दोन प्रश्न. इंजिन बंद असताना शून्य किंवा शून्याला चिकटून, आणि १.२ लिटरच्या इंजिनला आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, सेकंदाला दोन ते तीन ग्रॅम. याच्या आत तापलेली बारीक तार किंवा फिल्म असते, ती धुळीने माखली की कमी मोजते. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची धूळ खाऊन खाऊन फिल्टरची काय हालत होते ते एकदा उघडून बघाच. साफ करायला एमएएफ क्लीनर नावाचाच स्प्रे घ्या, कार्ब क्लीनर मारू नका, बोट किंवा कापूस लावू नका, आणि पूर्ण सुकल्याशिवाय परत लावू नका.

अ‍ॅक्सिलरेटरचा सेन्सर तर दोन मिनिटांचं काम आहे, इंजिन बंद, इग्निशन ऑन, पेडल हळूहळू दाबत जा आणि आकडा सरळ चढतोय का बघा, मध्येच झेप घेतली किंवा पडला तर तिथे झिजलाय. ० ते १०० दिसेलच असं नाही, कित्येक गाड्यांत तो १५ पासून सुरू होतो, ते बरोबरच आहे.

आता ऑक्सिजन सेन्सर, ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त बिलं फाडली जातात. हा इंजिनच्या बाजूला, सायलेन्सरच्या लाईनच्या सुरुवातीला बसतो आणि जळून बाहेर आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते बाहेरच्या हवेशी ताडून बघतो. साध्या प्रकारचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली होत राहतो, कमी म्हणजे हवा जास्त, जास्त म्हणजे पेट्रोल जास्त. तो साधारण तीनशे डिग्रीच्या वर तापल्याशिवाय बोलत नाही, म्हणून थंड गाडीत त्याला तपासायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा. मग उभ्या गाडीत एकदम रेस द्या, आकडा ०.८ च्या वर गेला पाहिजे, रेस सोडली की ०.१ कडे पडला पाहिजे, आणि हे पटकन झालं पाहिजे. वर आणि खाली दोन्हीकडे चपळ जात असेल तर सेन्सर जिवंत आहे. काही नवीन गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो, तिथे हे व्होल्टचं गणित लागू नाही, अ‍ॅपमध्ये लॅम्बडाचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा बघा, तो १ च्या आसपास खेळत असतो. कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर शांत एका जागी असला तर तो बिघडलेला नाही, त्याने तसंच राहायचं असतं, उलट तो पुढच्यासारखा नाचायला लागला तर कन्व्हर्टरची चौकशी करा.

याच्या जोडीला बघायचा आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम, आणि माझ्या मते अख्ख्या अ‍ॅपमध्ये याच्याइतका कामाचा आकडा दुसरा नाही. भाकरीचं पीठ मळताना आई पाणी मोजून घालत नाही, हाताला कोरडं लागलं की शिंपडते, सैल वाटलं की थोडं पीठ घेते. ईसीएम पेट्रोलचं तसंच करतो, ऑक्सिजन सेन्सर हवा जास्त म्हणाला की पेट्रोल वाढवतो, पेट्रोल जास्त म्हणाला की कमी करतो. क्षणाक्षणाची ती दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम, आणि रोजच तेवढं जास्त लागतंय हे लक्षात आल्यावर त्याने लावून घेतलेली सवय म्हणजे लॉंग टर्म. दोन्हींची बेरीज करायची. उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर झोप लागू द्या. अधिक २० म्हणजे त्याला कायम २० टक्के जास्त पेट्रोल ओतावं लागतंय, आणि तो ते का ओततोय याचं कारण सेन्सरच्या बाहेर असायची शक्यताच जास्त.

माझ्या गाडीत बेरीज आयडलला अधिक २२ होती आणि २५०० आरपीएमला धरून ठेवल्यावर अधिक ५ वर आली. हा फरकच सगळं सांगून गेला, कारण चिरलेल्या पाईपमधून आत येणारी हवा एमएएफच्या पुढे आत शिरते, म्हणजे तिची मोजणीच होत नाही, आणि आयडलला इंजिन एकूण हवाच कमी घेतं त्यामुळे ती चोरटी हवा प्रमाणात फार मोठी ठरते, रेस दिली की मुख्य वाटेने एवढी हवा येते की ती चिमूटभर राहते. उलट झालं असतं, म्हणजे आयडलला ठीक आणि रेसवर ट्रिम वाढत गेली असती, तर पेट्रोलचा दाब कमी, फिल्टर चोंदलेला किंवा एमएएफ घाण, असं बघितलं असतं. ज्या गाड्यांत एमएएफ नाही, फक्त एमएपी आहे, तिथे मात्र एवढा सरळ हिशोब लागत नाही, तिथे आत आलेली जास्तीची हवा दाबातच मोजली जाते, ट्रिम फार हलत नाही पण आयडल चढलेलं राहतं. गळती शोधायला मी पाण्याचा स्प्रे वापरला, एकेका जोडावर फवारा मारायचा आणि आवाजात फरक पडतो का ऐकायचं, कपलर आणि कॉईलवर पाणी उडू द्यायचं नाही. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर गरम इंजिनवर मारून गळती शोधणारे पण आहेत, आगीशी खेळ आहे तो, करू नका.

दोन गोष्टी आपल्या भागात लक्षात ठेवायच्या. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, साधारण १३.५ च, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या गाडीत ट्रिम चार-आठ टक्के वर सरकली तर लगेच सेन्सरवर शंका घेऊ नका. आणि बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर कोड उडवून दोन-तीन दिवस निव्वळ पेट्रोलवर चालवून बघा. पेट्रोलवर लाईट येत नसेल तर किटचं ट्युनिंग किंवा किट बसवताना वायरला मारलेले जोड तपासून घ्या, नुसती टेप गुंडाळलेले जोड दोन पावसाळ्यांत सुटतात. सीएनजीच्या नळ्यांना आणि रेग्युलेटरला मात्र घरी हात लावायचा नाही.

क्रँक सेन्सरचं, म्हणजे इंजिन फिरतंय का आणि किती ते सांगणाऱ्या सेन्सरचं, दुखणं वेगळं असतं. मे महिन्यात दुपारी पामबीच रोडला एका मित्राची गाडी चालता चालता बंद, सेल्फ फिरतो पण गाडी घेत नाही, अर्धा तास झाडाखाली उभी केल्यावर मुकाट सुरू. दोनदा-तीनदा असं झालं. हा सेन्सर गरम झाला की आतली तार ताणून सुटते आणि थंड झाल्यावर परत टेकते, म्हणून गॅरेजमध्ये नेईपर्यंत सगळं ठीक असतं. याला पकडायचं ते बंद पडलेल्या वेळीच, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि अ‍ॅपमध्ये आरपीएम बघा. सेल्फवर इंजिन दीडशे-दोनशेने फिरतंच, हे उत्तर आपल्याला माहीत आहे. अ‍ॅप शून्य दाखवत असेल तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. दोनशे दाखवून पण सुरू होत नसेल तर पेट्रोल आणि स्पार्ककडे जा. मित्राच्या गाडीत शून्य आलं, सेन्सर बदलला, त्यानंतर बंद पडली नाही. म्हणजे सेन्सर कधीच जात नाहीत असं मी म्हणत नाहीये, जातात, पण आधी सिद्ध करा.

आणि वायरिंग, याच्यावर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे. स्टिल्ट पार्किंगमध्ये उंदीर-घुशी, खाडीकडून येणारी खारट दमट हवा, चार महिने पाऊस, खड्ड्यातलं पाणी खालून उडतंय. कपलर काढून पिना बघा, हिरवट बुरशीसारखं दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकवा, क्लिक आवाज येईपर्यंत दाबून बसवा. चालू गाडीत वायरचा गुच्छ हळूच हलवून आकडा उडी मारतो का बघा, फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवून. बॅटरी पण बघून घ्या, उभ्या गाडीत १२.४ ते १२.६, चालू गाडीत १३.५ ते १४.५ च्या आसपास, आणि सेल्फ मारताना दहाच्या फार खाली जायला नको. मरतुकड्या बॅटरीवर ईसीएम वाट्टेल ते कोड टाकतो.

आमच्या शेजारच्या वहिनींची गाडी याचं चांगलं उदाहरण आहे. त्या रोज महापेला जातात. ऑगस्टमध्ये सकाळी सकाळी दारात, "भावोजी, लाईट लागलीय आणि एसी पण चालत नाहीये, नेऊ का तशीच?" कोड तीन निघाले, एमएपी लो, एसी प्रेशर सेन्सर लो, आणि तिसरा पी ०६४२, सेन्सरना जाणारा रेफरन्स व्होल्टेज, म्हणजे ईसीएम देतो ते ५ व्होल्ट, लो. एका गॅरेजने फोनवरच एमएपी आणि एसीचा सेन्सर दोन्ही बदलायला सांगितले होते. पण तीन माणसं एकाच दिवशी आजारी पडली तर आपण पाण्याची टाकी तपासतो ना, तसंच इथे. एमएपीच्या कपलरवर मीटर लावला, ५ व्होल्ट हवे तिथे सव्वा व्होल्ट. म्हणजे एमएपीला खायलाच मिळत नव्हतं. मग त्याच लाईनवरचा एसी प्रेशर सेन्सर, जो पुढे कंडेन्सरजवळ असतो, त्याचा कपलर काढला आणि मीटरवर लगेच ५.० आले. त्या कपलरमध्ये पाणी शिरलं होतं, पिना हिरव्या झालेल्या. साफ केला, सुकवला, परत लावला, ५.० तसेच राहिले, एसी सुरू, कोड उडवले, परत आले नाहीत. सेन्सर एकही बदलला नाही.

काही गोष्टींना हात लावू नका. पिवळ्या कपलरच्या एअरबॅगच्या वायर, हायब्रिडच्या नारिंगी केबल, डिझेलच्या कॉमन रेल पाईपचे नट, त्यात हजारच्या वर बारचा दाब असतो, कातडी फाडून आत जातो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. इग्निशन ऑन असताना थ्रॉटलच्या झडपेत बोट घालायचं नाही. वायरला सुई टोचून मीटर लावायची सवय असेल तर सोडा, त्या भोकातून पुढच्या पावसात पाणी शिरतं. बंदिस्त बेसमेंटमध्ये गाडी चालू ठेवून तपासत बसू नका, धूर साठतो, मोकळ्यावर घ्या. आणि वॉरंटीतली गाडी असेल तर वाचण्यापुरतं वाचा, वायर कापू-जोडू नका.

सेन्सर खरंच बदलायची वेळ आली तर जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवून घ्या, दिसायला सारखे असले तरी आतलं गणित वेगळं असतं. बदलल्यावर कोड उडवा, आणि लगेच खूश न होता चार-पाच दिवस रोजच्यासारखी चालवा, मग पेंडिंग कोड बघा. काही दोष ईसीएम दोन फेऱ्यांत सलग दिसल्याशिवाय लाईट लावत नाही, तोपर्यंत तो पेंडिंगमध्ये पडून असतो.

वहिनींनी आता स्वतःचा अडॅप्टर घेतलाय. मागच्या महिन्यात त्या घरच्यांना घेऊन लोणावळ्याला गेल्या होत्या, दुपारी मला स्क्रीनशॉट आला, इंजिन बंद, एमएपी ९४. खाली लिहिलं होतं, "भावोजी, बरोबर ना?" मी लिहिलं, अगदी बरोबर.